कोकणात ताप आला तर: कितव्या दिवशी काय बघायचं आणि कुठली टेस्ट कधी करायची

ताप आला की दुसऱ्याच दिवशी सकाळी लॅबमध्ये येऊन "कालपासून ताप इलो हा, काय ते सगळे टेस्ट एकदाच करून टाका" म्हणणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ. त्यांची भीती खोटी नाही, लेप्टोने, म्हणजे उंदराच्या लघवीतून येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसने, चार-सहा दिवसांत धडधाकट माणूस गेल्याचं प्रत्येकाने आपल्या नाहीतर शेजारच्या वाडीत ऐकलेलं असतं. पण बरीच वर्षं तालुक्याच्या गावात लॅब चालवतोय म्हणून ठामपणे सांगतो, दुसऱ्या दिवशी घाईने केलेल्या दहा टेस्टपेक्षा दोन गोष्टी जास्त कामाच्या असतात. आज तापाचा कितवा दिवस ही एक, आणि गेल्या महिनाभरात हा माणूस कुठे होता नि काय काम करत होता ही दुसरी. या दोन गोष्टी नीट सांगितल्या तर डॉक्टरांचं निम्मं काम तिथेच होतं, आणि नाही सांगितल्या तर महागडं प्रोफाइल, म्हणजे एकगठ्ठा टेस्ट, करून सगळं निगेटिव्ह येतं, घरचे निर्धास्त होतात आणि मधले दोन दिवस फुकट जातात, जे लेप्टोत अजिबात परवडत नाहीत.

खाली जे लिहिलंय ते घरच्या घरी औषध ठरवायला नाही. डॉक्टरांकडे कधी जायचं, जाताना काय माहिती न्यायची आणि हातात रिपोर्ट आला की त्यातलं काय बघायचं, एवढं कळावं म्हणून आहे.

पहिलं काम: आत्ता लगेच न्यायची गरज आहे का ते बघा

कसला ताप आहे हे नंतर, आधी माणूस कसा आहे ते बघायचं. श्वास जोरात चालतोय का, म्हणजे मोठ्या माणसाचे शांत बसलेला असताना मिनिटाला २४ पेक्षा जास्त श्वास होतायत का, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. घरात ऑक्सिमीटर असेल तर ९४ च्या खाली जातोय का. नेहमीसारखा बोलतोय की बडबडतोय, ग्लानीत आहे, हाक मारली तर उशिरा ओ देतोय. सहा-आठ तास लघवीच झाली नाही किंवा अगदी थोडी नि गडद झाली. उलट्या थांबत नाहीत, पोटात घोटलेलं पाणीसुद्धा राहत नाही. पोटात सतत जोरात दुखतंय. हिरड्यांतून, नाकातून रक्त, खोकल्यातून रक्ताचा अंश, काळी शी. डोळे पिवळे. हातपाय गार आणि वर कपाळ तापलेलं. मान ताठ, झटका आला. यातलं एक जरी असलं तरी लॅब नको, गावातला दवाखाना नको, सरळ ॲडमिट करायची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा, १०८ ला फोन करा.

खोकल्यातून रक्त आणि दम यावर मुद्दाम थांबतो. लेप्टोमध्ये फुप्फुसात रक्तस्राव होतो, तो काही तासांत वाढतो, आणि सुरुवातीला तो नुसता साधा खोकलाच वाटतो. शेतात काम करणाऱ्या माणसाला ताप आणि दम दोन्ही असेल तर सकाळची वाट बघायची नाही. आपल्याकडे पुढची सोय म्हणजे ओरोस, डेरवण, गोव्यात बांबोळी इथली मोठी हॉस्पिटलं नाहीतर घाट चढून कोल्हापूर, आणि रस्त्यातच दोन-तीन तास जातात, ते तास आधीच धरून निघायला हवं.

गरोदर बाई, दोन-तीन महिन्यांचं बाळ, डायबेटिस किंवा किडनीचा पेशंट, यांच्यासाठी वरची कुठली खूण दिसायची वाट न बघता पहिल्याच दिवशी डॉक्टर.

तापाचा कागद

वहीचं एक पान घ्या आणि ताप आलेल्या दिवसाला पहिला दिवस म्हणून तारीख लिहा. सोमवारी रात्री कणकण वाटली तर सोमवार हाच पहिला दिवस, मंगळवार नाही. ही तारीख नक्की असणं फार महत्त्वाचं आहे कारण पुढच्या सगळ्या टेस्ट त्यावरच चालतात, आणि लॅबमध्ये विचारलं की नवरा सांगतो तीन दिवस झाले आणि बायको म्हणते पाच, असं नेहमी होतं.

मग दिवसातून चार वेळा थर्मामीटर लावून आकडा आणि वेळ लिहायची. हात लावून बघितलेला ताप धरू नका. काखेतलं रीडिंग तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक डिग्री कमी येतं, म्हणून कुठे लावला तेही लिहा. १००.४ फॅरनहाइट आणि वर असेल तर ताप म्हणायचा. गोळी दिली तर कुठली, किती वाजता. हुडहुडी भरून आला की नुसता आला, घाम सुटून उतरला की गोळीने उतरला, लघवी किती वेळा झाली.

एक दिवसाआड ठरल्या वेळी थंडी वाजून येणारा ताप मलेरियात दिसतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण पहिल्या काही दिवसांत मलेरियाचा ताप रोजसुद्धा येतो, त्यामुळे रोज येतोय म्हणजे मलेरिया नाही असं धरून चालू नका. टायफॉइडचा ताप बहुतेक वेळा हळूहळू, रोज थोडा थोडा चढत जातो आणि आठवडाभर हटत नाही. डेंगी आणि लेप्टोत एकदम येतो, माणूस सांगू शकतो की दुपारी जेवून उठलो तेव्हा बरा होतो आणि चार वाजता अंग तुटायला लागलं.

महिनाभर मागे जा

जंतू शरीरात शिरल्यापासून ताप येईपर्यंत मध्ये काही दिवस जातात आणि प्रत्येक आजाराचे ते दिवस वेगळे. डेंगीला साधारण ४ ते १० दिवस, लेप्टोला बहुतेक वेळा ५ ते १४ पण कधी महिनाभरसुद्धा, स्क्रब टायफसला (गवतातल्या किड्यामुळे होणारा ताप) ६ ते २१, मलेरियाच्या फाल्सीपेरम या प्रकाराला निदान आठवडा ते दोन आठवडे, व्हायवॅक्स हा दुसरा प्रकार तर यकृतात झोपून राहून काही महिन्यांनी परत उठतो. म्हणून "काल पावसात भिजलो म्हणून ताप आला" हे आपण सगळेच म्हणतो पण त्याने निदान होत नाही, काल काय केलं यापेक्षा दोन आठवड्यांपूर्वी काय केलं ते आठवायचं.

आपल्याकडे कामाचं नि सणाचं वर्ष ठरलेलं आहे, त्यावर हात ठेवला की बरंच कळतं.

जून-जुलैत चिखलणी आणि लावणी. अनवाणी पाय, टाचांना भेगा, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या आणि शेताच्या त्याच कोपऱ्यात उंदरांची बिळं. लेप्टोचा जंतू उंदराच्या, गुरांच्या, कुत्र्याच्या लघवीतून पाण्यात येतो आणि आपल्या कातडीवरच्या भेगेतून, जखमेतून, डोळ्यातून आत शिरतो, पाणी प्यायलाच पाहिजे असं काही नाही. लावणी संपल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी म्हणजे जुलैअखेर ते ऑगस्ट तापाची रांग लागते ती यामुळे. दुसरी लाट भातकापणीला, सप्टेंबर-ऑक्टोबरात, शेतात पाणी उभं असताना कापणी झाली तर जास्तच. शेती न करणारे म्हणतात आम्हाला काय, पण २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती, ते काय शेतकरी नव्हते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं त्यानंतर दुकानातला गाळ हाताने उपसणारा माणूस आणि चिखलणी करणारा माणूस, लेप्टोच्या बाबतीत दोघांना धोका एकच.

गणपतीत चाकरमानी येतात, घर भरतं, आणि मुंबईत चावलेल्या डासाचा डेंगी किंवा मलेरिया गावच्या घरात उठतो. पाहुण्याला ताप असेल तर तो कुठून आला, कधी आला ते लिहून ठेवा, आणि पाहुणा परत गेल्यावर दहा-पंधरा दिवसांनी घरातल्या कोणाला ताप आला तर तेही जोडून सांगा, कारण मधल्या काळात आपल्या डासांनी काम केलेलं असतं. डेंगीचा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतो, पागोळीखालचं पिंप, करवंट्या, पोफळीच्या विऱ्या, छपरावर टाकलेल्या ताडपत्रीच्या घड्या, बंदरावर होडीतले पाण्याचे ड्रम. मलेरियासाठी चिरेखाणीत साठलेलं पाणी, तिथले कामगार, आंबा बागेतले गुरखे, होडीवरचे बाहेरून आलेले खलाशी यांचा विचार करावा लागतो. यात त्यांचा दोष काही नाही, उलट त्यांनाच ताप आला तर दवाखान्यात कोणी नेत नाही हे मी बघतो आणि वाईट वाटतं. मालकाने पहिल्याच दिवशी त्यांचं रक्त तपासून घेतलं तर त्या माणसाचाही जीव वाचतो आणि वाडीचाही ताप वाचतो.

ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत, विशेष करून सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या माळावरचं, गवत कापायच्या दिवसांत, स्क्रब टायफस. गवतातल्या बारीक किड्याची पिल्लं चावतात, इतकी बारीक की चावलेलं कळतसुद्धा नाही. हा आजार आपल्याकडे लोकांच्या ओळखीचाच नाही आणि म्हणून मागे राहतो.

डिसेंबर-जानेवारीपासून मे-जूनपर्यंत दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीच्या पट्ट्यात माकडतापाचा विचार करायचा. हा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात सापडला, आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात त्याची साथ आली. गोचिडीतून येतो. काजू गोळा करणारे, भाजावळीसाठी पातेरा आणि लाकूडफाटा आणणारे यांना जास्त. आसपास माकड किंवा वानर मेलेलं दिसलं असेल तर डॉक्टरांना ते पहिल्या वाक्यात सांगा, आणि त्या माकडाला हात न लावता आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवा.

एप्रिल-मेत विहिरी तळाला जातात, लग्नसराई, टँकरचं पाणी, बर्फाचा गोळा, तेव्हा टायफॉइड आणि कावीळ.

अंगावर शोधा

उजेडात बसवा आणि डोक्यापासून पायापर्यंत बघा, लाजायचं कारण नाही.

डोळे. लेप्टोत डोळ्यांचा पांढरा भाग लालभडक होतो पण चिपडं येत नाहीत, डोळे आल्यासारखे चिकटत नाहीत. हे चिन्ह घरच्यांना बऱ्याचदा दिसलेलं असतं पण ते म्हणतात जागरणाने झालं. पिवळेपणा बघायचा तर दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबखाली कळत नाही.

पोटऱ्या. अंग सगळ्याच तापात दुखतं, पण लेप्टोत पोटरी हलकी दाबली तरी माणूस पाय ओढून घेतो, चालताना कण्हतो. चिकनगुनियात स्नायूंपेक्षा सांधे धरतात, घोटे, मनगटं, बोटं, सकाळी मूठ वळत नाही. डेंगीत डोळ्यांच्या मागे ठणकतं, डोळा फिरवला की जास्त.

मग झाकलेल्या जागा. काख, जांघ, स्तनाखाली, कमरेला परकराची नाडी किंवा लुंगी बसते तिथे, कानामागे, केसांच्या कडेला, गुडघ्यामागे. स्क्रब टायफसमध्ये किडा चावलेल्या जागी काळी खपली होते, आकार डाळीच्या दाण्यापासून नखाएवढा, भोवती लालसर कडा, आणि ती दुखत नाही की खाजत नाही, त्यामुळे पेशंट स्वतःहून कधीच सांगत नाही. आमच्याकडे सहाव्या-सातव्या दिवशी रक्त द्यायला आलेल्या बाईंना, आधीचे सगळे रिपोर्ट निगेटिव्ह होते, सिस्टरने आत नेऊन बघितलं तर नाडीच्या वळाखाली अशी खपली होती, त्यांना वाटत होतं नाडी काचून झालंय. डॉक्टरांनी त्याच दिवशी औषध सुरू केलं आणि दोन दिवसांत ताप गेला. सगळ्यांना खपली असतेच असं नाही, पण दिसली तर रिपोर्टपेक्षा मोठा पुरावा आहे. गोचीडही याच जागांवर शोधायची.

पुरळ असेल तर त्यावर पारदर्शक ग्लास दाबा. दाबल्यावर फिकं पडलं तर साधं पुरळ, तसंच लाल राहिलं तर कातडीखाली रक्त उतरलंय, लगेच दाखवा.

आणि एक, कावीळ कधी आली ते. साध्या काविळीत, म्हणजे हिपॅटायटिस ए किंवा ई मध्ये, आधी ताप येतो आणि डोळे पिवळे होईपर्यंत बहुधा उतरतो. ताप चालू असतानाच डोळे पिवळे झाले तर लेप्टो, मलेरिया यांचा विचार आधी करायचा. "कावीळ झाली" म्हणून गावठी औषधाला, उतारा करायला नेलेली माणसं हॉस्पिटलात पोचेपर्यंत किडनी बसलेली असते, हे कळकळीने सांगतोय.

कुठली टेस्ट कितव्या दिवशी

मलेरिया कुठल्याही दिवशी. थंडी भरायची वाट बघायची गरज नाही, ताप असो-नसो रक्त घेता येतं. स्लाइड कशी होते ते थोडं सांगतो म्हणजे वेळ का लागतो ते कळेल. बोट टोचून काचेवर एक जाड थेंब गोल पसरवतात, सुकल्यावर त्याखाली छापील कागद धरला तर अक्षरं जेमतेम वाचता यावीत एवढाच जाड, आणि बाजूला एक पातळ फिल्म. जाड थेंबात पुष्कळ रक्त एका जागी असतं म्हणून जंतू आहे की नाही ते तिथे कळतं, कुठला आहे ते पातळ फिल्मवर ओळखायचं. तेलाची लेन्स लावून शंभर-दोनशे फील्ड बघितल्याशिवाय निगेटिव्ह म्हणायचं नसतं, म्हणून "पाच मिनिटांत रिपोर्ट द्या" म्हणू नका. पट्टीची किट लवकर निकाल देते आणि रात्री-अपरात्री तिचाच आधार असतो, पण उपचार झाल्यावरही काही आठवडे ती पॉझिटिव्ह राहू शकते, त्यामुळे बरं झालं का हे किटवर बघायचं नाही, स्लाइडवर बघायचं. पहिली स्लाइड निगेटिव्ह आली आणि संशय आहे तर बारा ते चोवीस तासांनी परत, असं दोन-तीन वेळा. आरोग्य सेवक किंवा आशाताई घरी येऊन फुकट रक्त घेतात, त्यांना परत पाठवू नका.

डेंगी एनएस१ पहिल्या पाच दिवसांत. हा विषाणूचा स्वतःचा अंश आहे, नंतर नंतर तो कमी होत जातो. पाचव्या-सहाव्या दिवसापासून आयजीएम, म्हणजे जंतूविरुद्ध शरीराने आधी तयार केलेल्या अँटिबॉडीची टेस्ट. म्हणजे सातव्या दिवशी आलेला एनएस१ निगेटिव्ह आणि दुसऱ्या दिवशी आलेला आयजीएम निगेटिव्ह, या दोन्ही कागदांना काही अर्थ नाही. आयजीजी, म्हणजे बरं झाल्यावरही टिकून राहणारी अँटिबॉडी, एकटं पॉझिटिव्ह असेल तर ते बहुतेक जुनं इन्फेक्शन, त्यावरून घाबरायचं नाही.

लेप्टोचं आयजीएम सहाव्या-सातव्या दिवसाच्या आधी येतच नाही असं धरा. आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे या लेखातला, लेप्टोचं औषध लवकरात लवकर सुरू झालं तर सगळ्यात चांगलं काम करतं आणि रिपोर्ट मात्र तेव्हा यायला तयार नसतो, म्हणजे रिपोर्टची वाट बघितली तर औषधाची वेळ जाते. म्हणून चिखलात काम, एकदम आलेला जोराचा ताप, पोटऱ्या, लाल डोळे असं जुळत असेल तर डॉक्टर संशयावर औषध सुरू करतात, ते बरोबर करतात, "टेस्ट न करताच औषध दिलं" म्हणून त्यांच्यावर नाराज होऊ नका. पहिल्या दिवसांत पीसीआर, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी टेस्ट, होऊ शकते पण ती तालुक्याला मिळत नाही. पहिला आयजीएम निगेटिव्ह आला तरी आठवड्याभराने दुसरा नमुना द्यायला या.

स्क्रब टायफसचं आयजीएमही पाच-सात दिवसांनंतरच. जुनी वाइल-फेलिक्स टेस्ट अजून होते, स्वस्त आहे, पण बऱ्याच वेळा चुकते, एलिसा, म्हणजे आयजीएम बघायची जास्त भरवशाची पद्धत, मिळत असेल तर एलिसा.

टायफॉइडबद्दल जरा स्पष्ट बोलतो. विडाल ही टेस्ट आपल्याकडे गरजेपेक्षा फार जास्त केली जाते, मी लॅबवाला असून सांगतो. पहिल्या आठवड्यात ती खरा टायफॉइड असूनही निगेटिव्ह येते, आणि पूर्वी कधी टायफॉइड झाला असेल, लस घेतली असेल किंवा दुसराच ताप असेल तरी पॉझिटिव्ह येते. एकट्या विडालवर "टायफॉइड निघाला" म्हणत महिनाभर सलाइन लावून घेणारी माणसं आहेत. खरी टेस्ट म्हणजे ब्लड कल्चर, ते अँटिबायोटिकची पहिली गोळी घ्यायच्या आधी घ्यायचं, शक्यतो पहिल्या आठवड्यात. दोन-तीन दिवस लागतात, आणि त्यातून कुठलं औषध लागू पडेल तेही कळतं. मेडिकलमधून आधीच दोन अँटिबायोटिक खाऊन आलेल्या माणसाचं कल्चर काढून फारसा उपयोग राहत नाही.

माकडतापाची तपासणी आमच्यासारख्या लॅबमध्ये होत नाही, ती पहिल्या काही दिवसांत पीसीआरने ठरावीक सरकारी प्रयोगशाळेत होते, आरोग्य केंद्रातून नमुना जातो. पुण्याची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था, या कामात पहिल्यापासून आहे. म्हणून या पट्ट्यात जंगलात जाणाऱ्या माणसाने खासगी दवाखान्यात वेळ न घालवता आधी पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, जावं.

सीबीसी वाचताना

सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, दोनशे रुपयांची वाटते म्हणून लोक तिला कमी लेखतात, पण एका दिवसाआड केलेल्या दोन सीबीसी शेजारी ठेवल्या तर त्या महागड्या पॅनेलपेक्षा जास्त बोलतात.

पहिली गोष्ट, प्लेटलेट कमी म्हणजे डेंगी नव्हे. लेप्टोत कमी होतात, मलेरियात कमी होतात, स्क्रबमध्ये कमी होतात, माकडतापात होतात. लोक फक्त प्लेटलेटचा आकडा बघतात आणि पांढऱ्या पेशी बघतच नाहीत. पांढऱ्या पेशी चार हजारांच्या खाली आणि प्लेटलेट कमी, तर डेंगीकडे कल. पांढऱ्या पेशी वाढलेल्या, त्यातल्या न्यूट्रोफिल प्रकारच्या जास्त आणि प्लेटलेट कमी, तर लेप्टोचा विचार करा. टायफॉइडमध्ये पांढऱ्या पेशी साधारण किंवा कमी आणि त्यातल्या इओसिनोफिल प्रकारच्या बहुधा शून्य. मलेरियात हिमोग्लोबिन उतरत जातं. हे सगळे कल आहेत, निकाल नव्हेत.

डेंगीत त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे हिमॅटोक्रिट, रक्तात लाल पेशी किती टक्के ते, रिपोर्टवर पीसीव्ही किंवा एचसीटी लिहिलेलं असतं. डेंगीत धोका रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपण्याचा, आणि पाणी गेलं की रक्त घट्ट होतं. पहिल्या दिवशी ३८ असलेलं पीसीव्ही चौथ्या दिवशी ४६ झालं तर वीस टक्क्यांनी वाढलं, आणि सोबत प्लेटलेट झपाट्याने उतरल्या, तर तो माणूस घरी ठेवायचा नाही, मग प्लेटलेट साठ हजार का असेनात. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतली एक सीबीसी असली पाहिजे, तुलना करायला आधीचा आकडाच नसेल तर ४६ हा त्याचा नेहमीचाच की वाढलेला हे कसं ठरवणार.

चौथ्या दिवसानंतर ताप असेल तर किडनीसाठी क्रिएटिनीन, काविळीसाठी बिलिरुबिन, यकृतासाठी एसजीपीटी आणि लघवीची तपासणी. लेप्टोत बिलिरुबिन बरंच वाढतं पण एसजीपीटी त्या मानाने थोडं, शंभर-दोनशेच्या घरात, आणि क्रिएटिनीन चढतं. हिपॅटायटिसमध्ये एसजीपीटी हजारात जातं आणि किडनी सहसा ठीक. कधी कधी मशीनवर लावायच्या आधीच दिसतं, ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून काढली की वरचं सिरम फिकट पेंढ्याच्या रंगाचं असायला हवं ते हळदीच्या पाण्यासारखं गडद पिवळं असतं, मग मी रिपोर्ट छापायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करतो. तुमच्या लॅबलाही सांगून ठेवा, काही वेगळं दिसलं तर आधी फोन करा म्हणून.

आणि दोन-तीन आयजीएम एकाच वेळी पॉझिटिव्ह आले, डेंगी पण आणि लेप्टो पण, तर गोंधळू नका. पट्टीच्या किटमध्ये एकमेकांत सरमिसळ होते, आणि पावसाळ्यात दोन आजार खरोखर एकत्रही असतात. तिथे पुन्हा तापाचा कागद आणि अंगावरच्या खुणाच कामी येतात, आणि डॉक्टर ज्यात जीवाला धोका जास्त आणि औषध उपलब्ध आहे त्याचं औषध आधी देतात.

निदान होईपर्यंत

तापाला फक्त पॅरासिटामॉल. मोठ्यांना ५०० किंवा ६५०, दोन गोळ्यांमध्ये निदान सहा तास, मुलांना वजनावर, किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. सर्दीच्या मिक्स गोळीतही पॅरासिटामॉल असतं, दोन्ही एकत्र घेऊन लिव्हरवर ताण आणू नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन नाही, डेंगीत रक्तस्राव आणि लेप्टोत किडनी, दोन्हीकडे नुकसान. "एक सुई मारा, उद्या लावणी आहे" म्हणून मागून घेतलेलं इंजेक्शन बहुतेक वेळा यातलंच असतं नाहीतर स्टिरॉइड, ताप तात्पुरता झाकला जातो आणि खुणा पुसल्या जातात. पपईच्या पानांचा रस पिऊन उलट्या करून घेण्यापेक्षा पेज, कढण, ताक, ओआरएस पोटात राहू द्या. शहाळं चांगलं, पण लघवी कमी झाली असेल तर डॉक्टरांना विचारून, त्यात पोटॅशियम असतं आणि किडनी मंदावलेली असताना ते वाढलं तर हृदयावर येतं.

शेताच्या दिवसांत आरोग्य केंद्राकडून डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या आठवड्यातून एकदा घ्यायला देतात. जेवल्यावर भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, घशाखाली अडकून जळजळ होते. गरोदर बायका आणि लहान मुलांना या देत नाहीत. गोळी घेतली होती तरी लेप्टो होऊच शकत नाही असं नाही, आणि घेतली असेल तर तेही कागदावर लिहा.

ताप उतरला तेव्हा

डेंगीत ताप तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये उतरतो आणि नेमके त्यानंतरचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास सगळ्यात नाजूक. घरचे म्हणतात बरा झाला, आंघोळ घालतात, पोरगं शाळेत पाठवतात. त्याऐवजी त्या दोन दिवसांत रोज सीबीसी, लघवीवर लक्ष, पोटात दुखतंय का, चक्कर येते का, पोर किरकिर करतंय की गप्प पडून आहे. भूक परत लागली, लघवी मोकळी झाली आणि प्लेटलेट स्वतःहून वर चढायला लागल्या की सुटका. बाहेरून प्लेटलेट चढवायची वेळ फार थोड्यांवर येते, साधारण दहा हजारांच्या खाली गेल्या किंवा खरोखर रक्तस्राव होत असेल तर, वीस-पंचवीस हजारांवर रक्तपेढ्यांचे उंबरे झिजवायची गरज नसते.

लेप्टोत आणि माकडतापात ताप एकदा जाऊन काही दिवसांनी परत येऊ शकतो, दुसऱ्या फेरीत डोकं फार दुखतं, मान आखडते. दुसरा ताप नवीन समजून नवीन डॉक्टर शोधू नका, जुना कागद घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा.

आणि मलेरियात व्हायवॅक्स निघाला तर ताप तिसऱ्या दिवशी गेला तरी प्रायमाक्विनच्या गोळ्या पूर्ण १४ दिवस घ्यायच्या, यकृतात दडलेले जंतू त्यानेच मरतात. गरोदर बायकांना आणि वर्षाच्या आतल्या बाळांना हे औषध देत नाहीत, आणि काहींना जी६पीडी (लाल पेशींतलं एक एन्झाइम) तपासून द्यावं लागतं, गोळ्या चालू असताना लघवी काळपट झाली तर थांबवून लगेच दाखवायचं. चाकरमानी मुंबईला परत जाणार असेल तर उरलेल्या गोळ्या मोजून त्याच्या बॅगेत टाका आणि कुठल्या तारखेपर्यंत घ्यायच्या ते पाकिटावर लिहून द्या. दोन महिन्यांनी परत थंडी भरली तर तिथल्या डॉक्टरांना "मला व्हायवॅक्स झाला होता आणि १४ दिवसांचा कोर्स पूर्ण केला होता, किंवा केला नव्हता" हे त्याला नक्की सांगता आलं पाहिजे.